नंबर आल्याबिगर दळण न्हाई

माझं माहेर आटपाडीच्या अंगाचं, कुसळांचा आन् बाभळींचा मुलूख, आन् माझा बा मेंढरंवाला, म्हंजी दिवाळी सरली की मेंढरं घिऊन इकडं नदीकाठाला उतरायचं, ऊस तुटल्याल्या रानात कळप बसवायचा, रानाला खत व्हायचं आन् आमच्या पोटाला दाणं, आन् आभाळ भरून आलं की पुन्यांदा माघारी, आसं आमचं जगणं. मी आजीपाशी राहून धावीपतोर शिकले, तुमच्यावाणी लय शिकल्याली न्हाई, पण लिवता वाचता येतंय, तवा ताई, तुमी काय लिवताय ते मी सगळं वाचून बघणार, आदीच सांगून ठिवते.

बाच्या कळपात शंभरावर मेंढरं, पण येक येक त्याला तोंडानं वळखू यायचं. एखादं कोकरू असं आसायचं की हाळी दिली तरी यायचं न्हाई, भलतीकडंच बघत उभं ऱ्हायाचं, तर बा त्याला काठी मारायचा न्हाई, आपण जवळ जायचा, खांद्यावर घ्यायचा आन् म्हणायचा, ह्याला हाळी कळत न्हाई, ह्याला माणूस लागतंय. अंगठा लावणारा माणूस तो. पण त्याला जे कळलं हुतं ते पुढं मला शिकल्याल्या मोठ्या मोठ्या माणसांत कुठं घावलं न्हाई, हे मी तुमास्नी का सांगते ते पुढं येईलच.

लगीन झालं ते आमच्यातल्याच घरात, दोन पिढ्यांमागं मेंढरं इकून पलूसकडं बागायतीत आल्यालं घर. मालक मिलिट्रीत, वर्सातनं दोनदा सुट्टीला यायचं, बाकी घरात मी आन् आत्याबाई, म्हंजी माझ्या सासूबाई. माझी पोरगी ऋतुजा, आमची ऋतू, ती झाली तवा समदं गाव बघून गेलं, पोरगी लय देखणी, नाक डोळं कसं कोरल्यावाणी. पण तीन वर्साची झाली तरी बोलंना. हाक मारली तर वळून बघंना. डब्याचं झाकण घ्यायची आन् जमिनीवर फिरवत बसायची, ते गरागरा फिरायचं आन् ही त्याच्याकडं अशी बघायची की जगात दुसरं कायच न्हाई. आत्याबाई म्हणल्या, पोपटानं उष्टावल्याला पेरू चारा, पोर बोलायला लागतंय. मग मी काय केलं, रोज सकाळी पेरूच्या बागंत झाडाखाली जाऊन बसायची, पोपट कवा चोच मारतोय आन् फळ कवा खाली पडतंय म्हणून, आन् दीड महिना पोरीला पोपटाचं उष्टं चारलं. पोपट जाड झालं बगा, पोरगी काय बोलली न्हाई. हसताय व्हय? हसा, आता मी बी हसते. तवा हसू येत न्हवतं.

येका डाक्टरनं सांगितलं, आईनं मोबाईल दिला आसणार, आजकालच्या आयांना पोरं सांभाळायला नगंत. आवं, माझ्याकडं तवा बटणाचा फोन, त्यात मालकांचा आवाज सुद्दा धड यायचा न्हाई, त्यावर पोरगी काय बघणार, कीर्तन? दुसरा म्हणला, घरात भांडणं हायत का. तिसऱ्यानं माझ्याकडं बघितलंच न्हाई, पोरीकडं बी न्हाई, चिठ्ठी लिवून मोकळा. येका बाईनं हळदी-कुंकवाला बोलावलं आन् दारात पोरगी दिसल्यावर म्हणली, हिला घरीच ठिवायची न्हाईस का, घरात सून पोटुशी हाय आमची. काय सांगू तुमास्नी, मी तिनं हातात दिल्याला वाणाचा पेला तसाच तिच्या उंबऱ्यावर ठिवला आन् माघारी आले, आन् तवापासनं कुणाच्या हळदी-कुंकवाला गेले न्हाई.

शाळंचं बी तसंच. आमची ऋतू कुणाला मारत न्हाई, चावत न्हाई, आपली कोपऱ्यात बसून पाट्या येकावर येक रचायची. पण तपासणी आली की बाईंचा निरोप यायचा, उद्या ऋतुजाला पाठवू नका, साहेब येणार हायत. मग परवाबी पाठवू नका. मग म्हणल्या, आवं ताई, तिला तरी कशाला तरास, पटावर नाव ऱ्हाऊ द्या, खाऊ घरपोच दीऊ. म्हंजी बगा, पोरीचं नाव पाहिजे, पोरगी नगं. शेवटी सांगलीत येक डाक्टरीण घावली, तिनं दोन घंटं जमिनीवर बसून ऋतूसंगं झाकण फिरवलं आन् मग सांगितलं, हा ऑटिझम हाय, ह्याचा आजार म्हणून इलाज न्हाई, पण पोरगी शिकंल, तिच्या रीतीनं शिकंल, तुमी तिची रीत समजून घ्या. जमिनीवर बसल्यालं पयलं माणूस ती. मला बाच आठवला.

मालक पेन्शनीत आलं आन् कारखान्यावर शिकुरिटीला लागलं, आन् घराच्या कडंला पत्र्याचं शेड घालून मला ही गिरण टाकून दिली. आता लोक मला इचारत्यात, तुझ्या पोरीला हलगी चालत न्हाई, फटाका चालत न्हाई, मग दिवसभर ही गिरण कशी चालती, नाटकं करती तुझी पोरगी. आवं, गिरणीचा आवाज येकसारखा हाय, पट्टा चढला की जो सूर लागतो त्यो उतरंपतोर बदलत न्हाई. पोरीला ठाव हाय पुढच्या घटकंला काय व्हणार. हलगी कवा कुठनं आंगावर येईल कुणाला ठाव? तिला आवाजाची भीती न्हाई, आचानक आल्याल्या आवाजाची हाय. येवढं सोपं हाय. पण सोपं ऐकून घ्यायला बी माणसाला थांबावं लागतंय, आन् थांबायला कुणाला येळ न्हाई.

आन् ह्या गिरणीतच ऋतूला तिचं काम घावलं. गिरणीची रीत तुमास्नी ठाव आसंल, बाया डबा ठिवून जात्यात, चिठ्ठी न्हाई, काय न्हाई, डब्यामागं डबा, जी रांग तोच नंबर. पण गावात काय हुतं, कुणाची पाटलीण येती, कुणाची मेंबरीण येती, आन् बोलता बोलता पायानं आपला डबा म्होरं सरकवती, आन् जिची बाजरी सकाळपासनं बसल्या ती गरीब बाई तोंड दाबून गप. मी बी पयल्यांदा गप बसायची, गिऱ्हाईक तुटंल म्हणून. ऋतूला ते चालंना. येक डबा हालला की ही उठायची, डबा उचलायची आन् जागच्या जागी नीऊन ठिवायची. चाळीस डबं आसले तरी कुठला कुणामागं हे तिच्या डोक्यात पक्कं. नववं सरलं तवा तिनं तोंडातनं पयला शब्द काढला, आई न्हाई म्हणली, बाबा न्हाई म्हणली, म्हणली, नंबर. मी पिठाच्या हातानं तिला धरून रडले. आता सोळा सरली तिला, दहा-बारा शब्द हायत तिच्यापाशी, आन् ह्या रांगंत गेल्या सात वर्सांत कुणी घुसल्यालं न्हाई.

आमचा गट कसा झाला ते सांगते. सांगलीच्या दवाखान्यात ऋतूला घिऊन बाकावर बसले हुते, शेजारी येक बाई, तिच्या मांडीवर पोरगं, आन् ती आपल्या दोन्ही तळव्यांनी त्येचं कान झाकून बसल्याली. मला वाटायचं आसं करणारी जगात मी येकटीच हाय. मी बघतच ऱ्हायले. ती म्हणली, बसा की भाभी, माझा बी तसाच हाय. ती शबाना, पलूसच्या बाजारात बांगड्या भरती, आन् तो तिचा आयान, त्येला बांगड्यांचा रंग लावून द्यायला सांगा, येक चूक करणार न्हाई. दोघींच्या मग पाच जणी झाल्या, पाचाच्या अकरा घरं झाली, कुणी विट्याकडनं येतंय, कुणी कराडकडनं. म्हैन्यातनं दोन रविवार. पोरांसाठी मी परातीत ज्वारी, हरभरा, गहू ठिवायची, पोरं त्यात हात घालून बसत्यात, हात थंड झालं की डोकं थंड हुतंय. आन् आयांसाठी दोनच नेम, कवा बरं व्हणार आसं कुणी इचारायचं न्हाई, आन् कुणाच्या मागल्या जन्माचं पाप काढायचं न्हाई. रडायचं आसंल तर रडा, च्या पिऊन जावा.

जागा हुती गावच्या समाजमंदिराच्या मागची खोली. ती आमास्नी दिली आण्णांनी. आण्णांचं पुरं नाव लिवू नगा, पुढारी म्हणून परत्येक गावात येक आण्णा आसतोय, त्यो आमचा. आन् हे बी लिवा, की माणूस मनानं वाईट न्हाई. मागितल्याबरोबर किल्ली दिली. पण मनानं चांगला माणूस जवा कान देत न्हाई, तवा वाईट माणसापरीस जास्ती नुकसान करतोय.

गेल्या वर्षी आण्णांचा वाढदिवस आला. निरोप आला, औंदा डामडौल न्हाई, औंदा तुमच्या विशेष मुलांचा सत्कार. मी सोता घरी गेले, सांगितलं, आण्णा, सत्कार नगं, पण तुमची हौस हाय तर खोलीत या, दहा मिनिटं बसा, खाऊ द्या आन् जावा, फकस्त हलगी नगं, फटाके नगंत, माईक नगं. त्यांनी मान हालवली, हातातला मोबाईल काय खाली ठिवला न्हाई, म्हणलं, वहिनी, तुमी निवांत ऱ्हावा, आसा कार्यक्रम घेतो की जिल्हा बघंल. तितंच मला कळायला पाहिजे हुतं. माझी चूक. पण खोलीची किल्ली त्यांच्या हातात, आन् त्या खोलीबिगर अकरा पोरं कुठं न्यायची, म्हणून मी बी गप बसले.

त्या दिवशी सकाळी अकराला आमी गेलो, तर काय सांगू, समाजमंदिराच्या म्होरं येवढा मोठा फलक, त्यावर आण्णा दारायेवढं आन् खाली आमच्या अकरा पोरांचं फोटो सुपारीयेवढं. गटातल्या मोबाईलवरचं फोटो, कुणाला न इचारता. माझ्या ऋतूचा तर रडतानाचा. आठ हलगीवाले. पोरांच्या डोक्याला बांधायला फेटेवाला. फटाक्यांची माळ पार रस्त्यापतोर. आन् त्येच्यावर कळस म्हंजी जेसीबी! आवं, खड्डं काढायचा जेसीबी, त्येच्या बकेटात झेंडूच्या पाकळ्या भरल्याल्या, पोरांच्या डोक्यावर ओतायला. म्हंजी जी पोरं गुलाबाची पाकळी आंगाला चिकटली तर तासभर पुसत बसत्यात, त्यांच्यावर हे लोखंडाचं धूड आणून उभं केलं, आन् ह्याला माया म्हणायचं. मी बोलायला तोंड उघडलं आन् हलगी कडाडली.

मग जे व्हायचं ते झालं. ऋतू खाली बसली, मनगटाला दात लावलं, आन् ती अशी वराडली की मला माझं बाळंतपण आठवलं. फेटेवाला काय थांबंना, तो तिचं डोकं धरून गुंडाळतोयच, म्हणतोय, हाल नगं बाळा, फोटो खराब येईल. आयान शबानाच्या हातातनं सुटला आन् थेट रस्त्याकडं पळाला, तिकडनं ऊसाचा ट्रॅक्टर येत हुता, डायवरनं उभा बिरीक मारला म्हणून पोरगं ऱ्हायलं. आन् माईकवर कोण तरी म्हणतंय, घाबरू नका बालमित्रांनो, आपले आण्णा हायत. मी फेटेवाल्याचा हात झटाकला. तशीच हलगीवाल्यापाशी गेले, आन् त्येच्या हलगीच्या चामड्यावर माझा तळवा ठिवला. आवाज बसला. तो म्हणला, काकी, आण्णांनी सांगितलंय. मी हात काढला न्हाई. दुसरा थांबला, तिसरा थांबला, मग सगळं गप झालं, आन् त्या गपगुमानीत फकस्त माझी पोरगी वराडताना ऐकू येत हुती. समद्या गावानं ऐकली.

आन् आण्णांनी माईक घेतला. म्हणलं, बघा मंडळी, आपण मायेनं करतोय, आन् हितं आईच उलटी, मग पोरगी सरळ कुठनं निपजणार?

लोक हसलं. माझ्याकडं दळण टाकणारी लोकं, ज्यांच्या घरातली भाकरी माझ्या पिठाची हाय. मी पोरीच्या डोक्यावरचं ते फेट्याचं कापड सोडवलं, तिला खांद्याशी धरली आन् घरी आले. आन् मग आठ दिवस उत्तरं दीत हुते, भिताडाला. मालक ड्युटीवरनं आलं, सगळं ऐकलं आन् म्हणलं, फौजंत हुकूम चुकीचा आसला तरी पाळावा लागतोय, तू पाळला न्हाईस, लय बरं केलंस. ऋतूच्या मनगटावर ते दात आजून हायत, दाखवंल ती तुमास्नी, तिच्या मनात आलं तर.

पुढच्या रविवारी खोलीला नवं कुलूप. समाजमंदिराचा शिपाई म्हणला, रंगकाम हाय आत. आवं, वरीस व्हत आलं, रंगकाम चालूच हाय, आत काय राजवाडा रंगवत्यात कुणास ठाव. दोन घरांनी गट सोडला, त्यांची बिचाऱ्यांची आण्णांकडं कामं आडकल्याली, मी त्यास्नी दोष दीत न्हाई. पण त्यातली येक पोरगी आता घरातनं भाईरच पडत न्हाई म्हणत्यात. आण्णांना वाटतंय त्यांनी खोली बंद केली. खोलीला काय कळतंय? त्यांनी पोरगी बंद केली. ऱ्हायलेल्या नऊ घरांना मी म्हणलं, गिरणीत या. हे शेड हाय, बाक हाय, पराती हायत, आन् गिरणीचा सूर हाय. शबाना म्हणली, भाभी, गिऱ्हाईक तुटंल. म्हणलं, तुटू दे.

गिऱ्हाईक तुटलं न्हाई. सांगते का ते. होळीच्या आदला रविवार. पुरणपोळीच्या गव्हाचं दळण, रांग पार रस्त्यापतोर, आन् आतल्या अंगाला आमची पोरं बसल्याली. आण्णांचा गडी आला, पितळी डबा, त्यावर आण्णांचं नाव कोरल्यालं, त्यानं तो सरळ रांगंच्या तोंडाला ठिवला आन् गेला. ऋतू उठली. डबा उचलला, जड हुता, पोटाशी धरला, आन् नीऊन चौदाव्या नंबरला ठिवला. कपाळाला आठी न्हाई, काय न्हाई. घटकाभरानं आण्णाच आलं बुलेटवर, घरी पाव्हणं आल्यात, पीठ झालं का वहिनी. बघत्यात तर डबा चौदावा. हसलं, आन् उचलून म्होरं ठिवला. ऋतूनं माघारी नेला. म्हणली, नंबर. आण्णांनी परत म्होरं आणला. तिनं परत नेला. नंबर. तिसऱ्यांदा आणला तवा ती डबा घिऊन चौदाव्या जागंवर फतकल मारून बसली, दोन्ही हात डब्याभोवती.

समदी रांग बघाय लागली. आण्णा मला म्हणलं, वहिनी, सांगा की तिला. मी गहू वतत हुते. मी हात थांबवला न्हाई. म्हणलं, आण्णा, मी सांगून काय उपेग, हितं आईच उलटी हाय.

कुणी हसलं न्हाई. मग रांगंतली धोंडूआजी, पंच्याहत्तरीची म्हातारी, ती बोलली, आवं आण्णा, माझी बाजरी हाय तुमच्या म्होरं, मी दिस उगवायच्या आत आल्या. बसा की बाकावर. आमी न्हाई व्हय बसत. तवा मात्र हसलं लोक, आन् औंदा माझ्यावर न्हाई हसलं.

आन् बसला की माणूस. आमच्या पोरांत, बाकाच्या कडंला. जरा येळानं त्यांचा फोन वाजला, ते ढोल-ताशाचं गाणं, आन् नऊच्या नऊ पोरांनी येकदम कानावर हात ठिवलं, आयान तर पोत्यामागं गेला. आण्णांनी बघितलं. पयल्यांदा बघितलं आसंल. फोन दाबून बंद केला आन् खिशात घातला, आन् नंबर यीपतोर तो काढला न्हाई. चौदावा नंबर आला, पीठ दिलं, कोमट हुतं, ऋतूनं सोता झाकण लावलं. आण्णा डबा घिऊन बुलेटवर बसलं. माफी न्हाई, खोलीचं न्हाई. कुलूप हाय तितंच हाय. मी बी किल्ली मागायला गेले न्हाई आन् जाणार न्हाई. पण तवापासनं त्यांचा डबा येतो तो रांगंच्या शेवटालाच येतो.

माझं म्हणणं येवढंच हाय ताई, आन् हे नीट लिवा. आमास्नी फेटा नगं, पाकळ्या नगंत, फलकावर फोटो नगं. आमच्या पोरांना उचलून म्होरं ठिवू नगा आन् लाथंनं मागं बी सारू नगा. त्यांचा डबा जितं हाय तितं ऱ्हाऊ द्या, त्यांचा नंबर कवा तरी येऊ द्या. माझ्या मागं हिचं काय, ते तुमी इचारलं न्हाईसा, तुमी इचारत कायच न्हाई, नुसत्या ऐकून घेताय, म्हणून मी येवढं बोलले. त्या इचारानं मी रोज उठते आन् रोज पट्टा चढवते. गावात हिच्यासारखी रांग राखणारं येक जरी माणूस शिकून तयार झालं, तर माझ्या मागं बी ही नीट ऱ्हाईल. देव तुमचं भलं करो, तुमच्या लेकरांचं भलं करो. आता च्या घ्या. आन् जायची घाई करू नगा, ती बगा तिनं तुमची पिशवी उचलून रांगंत लावल्या, सातवी हाय, आता नंबर आल्याबिगर काय ती तुमास्नी द्यायची न्हाई.